नॉरिसचे ते २ गुण नेमके आले कुठून? – फॉर्म्युला वन २०२५

स्पिंडल

२०२५ च्या सीझनची शेवटची, अबुधाबीची रेस होऊन आठवडा झाला तरी आमच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे, लँडो नॉरिस चॅम्पियन झाला तो नशिबानं का स्वतःच्या जोरावर. तिथं दोन ओळींच्या वर कुणी वाचत नाही म्हणून इथं धागा काढतोय, सविस्तर लिहितो, कोल्हापुरातले आणि बाहेरचे सगळे रेसवाले या.

आधी हिशोब. मॅक्लारेन टीमचा नॉरिस ४२३, रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टॅपन ४२१, नॉरिसचाच टीममेट ऑस्कर पियास्ट्री ४१०. आणि जिंकलेल्या रेस बघितल्या तर मॅक्स ८, मॅक्लारेनची दोन्ही पोरं ७-७, उरलेल्या २ मर्सिडीजच्या रसेलच्या. म्हणजे ज्यानं सगळ्यात जास्त रेस जिंकल्या तो दुसरा आला, आणि लोकांचं दुखणं तेच आहे की बाबा जास्त जिंकणारा मागं आणि कमी जिंकणारा पुढं हे कसं काय.

माझं म्हणणं असं की हे विजेतेपद जिंकलेल्या ७ रेसमध्ये मिळालेलंच नाही. जिंकायच्या दिवशी तिघंही जिंकत होते. फरक पडला तो ज्या दिवशी गाडी बिघडली, डाव फसला, टीमनं घोळ घातला त्या दिवशी कोण काय घेऊन घरी आला यात. आणि तिथं नॉरिस दोघांच्या पुढं होता.

कतारचं बघा. ५७ लॅपची (फेऱ्यांची) रेस, आणि सुरक्षेसाठी नियम केलेला की टायरचा कुठलाही सेट २५ लॅपच्या वर चालवायचा नाही. ७व्या लॅपला हल्केनबर्ग आणि गॅसली या दोघांच्या गाड्या एकमेकांना लागल्या, सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांनी तिच्या मागं हळू चालायचं. आता ७ अधिक २५ अधिक २५ किती होतात? बरोब्बर ५७. म्हणजे त्या लॅपला टायर बदलायला पिटला या, बाकीचे हळू असल्यानं स्टॉप स्वस्तात पडतो, राहिलेली रेस दोन समान तुकड्यात बसते. जवळपास सगळे आत आले. मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाहेर राहिल्या. पियास्ट्री पोलवरून (पहिल्या जागेवरून) सुटून पुढं पळत होता, त्याची हातातली रेस गेली, मॅक्स जिंकला. नॉरिस पार पाचव्या नंबरवर अडकला, पुढं मर्सिडीजचा अँटोनेली, आणि वेळच संपत आलेली. तरी तो त्याच्या मागं मागं चिकटून राहिला आणि शेवटून दुसऱ्या लॅपला अँटोनेली वाइड गेला, म्हणजे वळणावर गाडी बाहेर सरकली, नॉरिस चौथा.

चौथ्याचे १२, पाचव्याचे १०. हेच ते २ गुण.

हे नसते तर शेवटी नॉरिस ४२१ आणि मॅक्सही ४२१. बरोबरी झाली की जिंकलेल्या रेस मोजतात, ८ विरुद्ध ७, मॅक्सचं पाचवं विजेतेपद. म्हणून लोक म्हणतात नशीब. पण मला सांगा, अँटोनेली उगाच वाइड गेला का? आरशात मॅक्लारेनची पपई रंगाची गाडी सतत दिसत होती म्हणून गेला. मागं ३ सेकंद पडून राहिला असता तर त्या चुकीचा नॉरिसला काय उपयोग होता?

आणि एक गोष्ट मनापासून लिहायचीय. त्या एका चुकीवरून १९ वर्षांच्या अँटोनेलीला लोकांनी नेटवर जे काय सुनावलं ते फार वाईट होतं. रेड बुलच्या लोकांनी आधी त्यानं नॉरिसला मुद्दाम पुढं सोडलं असा सूर लावला, मग दुसऱ्या दिवशी त्यांनाच माफी मागावी लागली. रेस संपत आलेली, टायर तापलेले, मागून दबाव, कुणाचीही गाडी सरकते. आपल्या आवडत्या ड्रायव्हरचे २ गुण गेले म्हणून पोराला मरणाच्या धमक्या देणं याला फॅन असणं म्हणत नाहीत.

आता नेदरलँड्सची झँडफोर्टची रेस. ३१ ऑगस्ट, गणपतीचे दिवस, आमच्या गल्लीत आरतीची वेळ आणि रेस एकदमच. नॉरिस दुसरा, शेवटचे काही लॅप राहिलेले आणि गाडीतून धूर. ऑइल लीक. दुसऱ्या नंबरचे १८ गुण गेले, त्याची काहीएक चूक नसताना. हेल्मेट न काढता तो तिथं वाळूच्या टेकाडावर जाऊन बसला, कॅमेरा बराच वेळ त्याच्यावर, मला वाटलं संपला सीझन. त्या रेसनंतर एकूण गुण पियास्ट्री ३०९, नॉरिस २७५, मॅक्स २०५. ३४ गुणांचं अंतर, आणि पुढचा माणूस तुमच्याच टीममधला, तुमच्यासारखीच गाडी.

तिथून पुढच्या ५ रेसमध्ये काय झालं? मॉन्झा दुसरा, बाकू सातवा, सिंगापूर तिसरा, ऑस्टिन दुसरा, मेक्सिको पहिला. यात जिंकलेली एकच. पण मेक्सिकोनंतर तो १ गुणानं पुढं होता, ३५७ विरुद्ध ३५६. बाकूत पियास्ट्री पहिल्याच लॅपला भिंतीत गेला, शून्य. नॉरिसचा दिवस पण भिकारच होता, सातवा आला, ६ गुण. पण आले. मला हाच सीझन वाटतो, हे ६, ते १२, चीनच्या स्प्रिंटमध्ये (मुख्य रेसच्या आदल्या दिवशीची छोटी रेस) आठवा येऊन मिळालेला १. त्या दिवशी सगळे हॅमिल्टननं फेरारीकडून स्प्रिंट जिंकली म्हणून नाचत होते, त्या १ गुणाकडं कोण बघतंय.

बाकी तुम्ही लिहा. मॅक्सवाल्यांनी पण लिहा, पण आकडे घेऊन या.

सुपरमॅक्स_शाहूपुरी

आलो आकडे घेऊन.

भावा तुझं सगळं वाचलं, चांगलं लिहिलंयस, पण एक सांग. झँडफोर्टनंतर मॅक्स १०४ गुणांनी मागं हुता. एकशेचार! आणि शेवटी किती राह्यलं? पियास्ट्रीच्या ११ पुढं आणि नॉरिसच्या २ मागं. मॉन्झा, बाकू, ऑस्टिन, व्हेगास, कतार, अबुधाबी, शेवटच्या ९ पैकी ६ जिंकल्या आणि उरलेल्या तिन्हीत पोडियम, म्हंजे पहिल्या तिघांत. ब्राझीलला तर पिटलेनमधनं सुटून तिसरा आला. एवढं करून पण माणूस चॅम्पियन न्हाई. गाडी कुणाची चांगली हुती वर्षभर? मॅक्लारेनची. सिंगापूरलाच टीमचं विजेतेपद घेऊन मोकळे झाले, सीझनच्या ६ रेस बाकी असताना. मग त्या गाडीत बसून २ गुणांनी जिंकला यात काय मोठं?

माझ्यासाठी २०२५ चा ड्रायव्हर मॅक्सच. रेड बुलच्या दुसऱ्या सीटवर बघ ना, लॉसन दोन रेसमध्ये काढला, त्सुनोडा आणला, त्याला पण गुण मिळवताना घाम फुटला. त्याच गाडीत मॅक्स रेस जिंकालता. त्यात जुलैमध्ये टीमचा बॉस हॉर्नरला काढलं, मेकिस आला, टीमची पार उलथापालथ. तुझा नॉरिस असल्या परिस्थितीत काय करणार हुता ते सांग.

स्पिंडल

@सुपरमॅक्स_शाहूपुरी, मॅक्सचा दुसरा अर्धा सीझन मी बघितलेल्या सगळ्यात भारी ड्रायव्हिंगपैकी एक आहे, यात वादच नाही. पण तू शेवटच्या ९ सांगितल्यास, मी एकच सांगतो. बार्सिलोना.

सेफ्टी कारनंतर त्याला हार्ड टायरवर (कमी पकडीच्या) पाठवलं, बाकी सगळे सॉफ्टवर. रिस्टार्टला गाडी सरकली, फेरारीचा लेक्लेर पुढं गेला, मग रसेल आणि तो पहिल्या वळणावर एकमेकांना भिडले, टीमनं सांगितलं रसेलला जागा परत दे. त्यानं गाडी हळू केली, रसेल बाजूला आला आणि यानं परत ॲक्सिलरेटर दाबून त्याला धडक दिली. पाचवा आला, १० सेकंद पेनल्टी, दहावा झाला. १० गुणांच्या जागी १. नऊ गुण एका रागापायी गेले आणि सीझन गेला दोननं.

गाडीचा राग टायरवरचा राग मी समजू शकतो. पण त्या दिवशी पाचवा येणं हाच त्याचा विजय होता आणि तो त्यानं टाकून दिला. नॉरिसनं कॅनडात असाच आगाऊपणा केला, पियास्ट्रीला मागून लागला, स्वतः बाहेर, पण चूक झाल्या झाल्या रेडिओवर कबूल केली आणि दोघांच्यात पुढं कटुता राहिली नाही. पुढच्याच रेसला ऑस्ट्रियात जिंकला, मग सिल्व्हरस्टोन जिंकला.

रंकाळावाली

मी पियास्ट्रीची फॅन आहे आणि या दोघांच्या भांडणात त्याचं नावच कुणी घेत नाही याचं वाईट वाटतं. झँडफोर्टपर्यंत ७ रेस जिंकलेला माणूस. एप्रिल-मे मध्ये बहरीन, जेद्दा, मायामी अशा लागोपाठ ३ जिंकल्या. एवढा शांत की जिंकल्यावर पण चेहऱ्यावर काही नाही.

मॉन्झाचं कुणी बोलेल का? नॉरिस दुसरा होता, पियास्ट्री तिसरा. मागच्या लेक्लेरकडून धोका नको म्हणून आधी पियास्ट्रीला टायर बदलायला आत बोलावलं, मग नॉरिसला. नॉरिसच्या स्टॉपला एका चाकाला वेळ लागला आणि तो पियास्ट्रीच्या मागं आला. टीमनं पियास्ट्रीला सांगितलं जागा परत दे. स्लो स्टॉप हा रेसिंगचा भाग असतो असं आपण आधीच ठरवलं होतं ना, असं तो रेडिओवर म्हणाला, आणि तरी दिली.

आता स्पिंडल दादा, तुमच्याच पद्धतीनं हिशोब करा. जागा दिली नसती तर नॉरिसला १८ च्या जागी १५. म्हणजे शेवटी ४२०. मॅक्स ४२१. नॉरिस चॅम्पियनच नाही! तुम्ही कतारचे २ गुण सांगताय पण मॉन्झाचे ३ कुणी दिले? माझ्या ऑस्करनं दिले. आणि त्यानंतरच्याच रेसला बाकूत त्याची गाडी भिंतीत, शुक्रवारपासून सगळं बिनसलेलं, सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या क्वालिफायिंगला पण आदळला. इतका शांत मुलगा असा एकदम कसा काय बिथरतो? माझं स्पष्ट मत आहे की मॉन्झाचं त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

स्पिंडल

@रंकाळावाली ताई, ४२० चा हिशोब बरोबर आहे आणि तो मी मूळ लेखात घ्यायला पाहिजे होता असं इथले बरेच म्हणतील, पण मुद्दाम धाग्यासाठी ठेवला होता कारण त्यावर लिहिण्यासारखं खूप आहे.

मॉन्झाला पिटचा क्रम टीमनं बदलला होता. नॉरिस पुढं असताना आधी थांबायचा हक्क त्याचा, तो त्यानं टीमसाठी सोडला, तोही पियास्ट्री आपल्या पुढं येणार नाही या बोलीवर. म्हणून जागा परत देणं मला न्याय्य वाटतं. पियास्ट्रीनं पण तोच न्याय मानला म्हणूनच दिली, नाहीतर त्याला कोण हात धरून मागं ओढणार होतं.

पण ऑस्करचे गुण मॉन्झात गेले नाहीत हो. मेलबर्नला गेले, पहिल्याच रेसला. स्वतःच्या घरच्या प्रेक्षकांसमोर दुसरा चालला होता, पाऊस आला, दोन्ही मॅक्लारेन एकाच वळणावर बाहेर गेल्या. नॉरिसनं कशीबशी सावरली आणि जिंकला, पियास्ट्री गवतात फिरला, नववा. १८ च्या जागी २. सोळा गुण. आणि शेवटी तो किती मागं? १३.

तो गवतातून गाडी उलटी रिव्हर्स घेऊन बाहेर काढत होता ते आठवतंय? मला त्याचं कौतुक वाटलं होतं, दुसरा कुणी असता तर उतरून गेला असता. ते २ गुण त्यानं अक्षरशः चिखलातून काढले. पण सोळा गेलेच.

मायक्रॉन_शिरोली

व्हेगासला मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या रेसनंतर मोजमापात बाद झाल्या, त्यावर कुणी लिहीना म्हणून मी लिहितो, मोजमाप हा माझा रोजचाच धंदा आहे. शिरोली एमआयडीसीत क्वालिटीला आहे.

गाडीच्या पोटाखाली एक फळी असते, प्लँक म्हणतात. १९९४ साली इमोलाच्या अपघातांनंतर आणलेला नियम, गाड्या जमिनीला फार घासून चालवू नयेत म्हणून. नवी असताना १० मिमी जाड, रेस संपल्यावर ठरलेल्या ठिकाणी मोजायची, ९ मिमीच्या खाली गेली की गाडी बाद. नॉरिसची कमीत कमी भरली ८.८८. पियास्ट्रीची ८.७४. म्हणजे नॉरिस ०.१२ मिमीला गेला. १२० मायक्रॉन. आपल्या हातातल्या कागदाचा एक ताव साधारण १०० मायक्रॉन असतो, त्याच्यापेक्षा थोडं जास्त.

इथं लोकांनी लगेच आरडाओरडा केला की एवढ्याशासाठी १८ गुण काढून घेतात का, दया माया आहे का नाही. मला हे अजिबात पटत नाही. आमच्याकडं ड्रॉइंगवर जी लिमिट दिली ती लिमिट. बोअर (छिद्र) ०.१२ नं मोठा झाला तर ते जॉब रिजेक्शनच्या लाल ट्रेमध्ये जातं, मग ते मशिनवर कुणी लावलं, किती मेहनत केली, कस्टमर ओळखीचा आहे का, काही बघत नाही आम्ही. मायक्रोमीटरचा रॅचेट तीनदा टिक टिक वाजला की जो आकडा दिसतो तोच खरा. एकदा का ०.१२ ला सोडलं की पुढचा ०.१५ घेऊन येणार. मॅक्लारेनवाल्यांनी पण वाद घातला नाही, गाडी अपेक्षेपेक्षा जास्त वरखाली उसळत होती (याला पोरपॉइजिंग म्हणतात) म्हणून घासली असं सांगितलं. मुद्दाम केलं नव्हतं हे नियम बघणाऱ्या एफआयए संघटनेनंही मान्य केलं. पण बाद ते बाद.

आणि स्पिंडल, तुझ्या मुद्द्यालाच जोड देतो. गाडी जेवढी खाली तेवढा तिचा तळ (फ्लोअर) तिला रस्त्याकडं जास्त ओढून धरतो, जास्त ग्रिप. त्यामुळं सगळे कडेवर चालतात. मॅक्लारेन जास्त कडेवर गेले. ज्या टीमला शेवटच्या ३ रेसमध्ये फक्त गुण सांभाळायचे होते तिनं एक मिमी वर का ठेवली नाही गाडी, हा माझा खरा प्रश्न. व्हेगासला नॉरिसचे १८ आणि पियास्ट्रीचे १२ गेले आणि पियास्ट्री-मॅक्स ३६६ वर बरोबरीला आले. व्हेगास झालं नसतं तर कतारचा तो चौथा नंबर कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

फियाट_११००

तुम्ही सगळी तरुण मंडळी आहात, मी आयर्टन सेना या ड्रायव्हरच्या काळापासून बघतोय, तेव्हा दूरदर्शनवर आणि नंतर केबलवर जे मिळेल ते. त्यामुळे जरा मागचं सांगतो.

मॅक्लारेननं यंदा दोघांनाही मोकळं सोडलं, पहिला नंबर कुणालाच दिला नाही, आणि त्यावरून त्यांना वर्षभर शिव्या पडल्या. पण त्यांना याचा धोका माहीत नव्हता असं नाही. २००७ आठवा. मॅक्लारेनमध्ये अलोन्सो आणि नवखा हॅमिल्टन, दोघं एकमेकांचे गुण खात बसले. शेवटी हॅमिल्टन १०९, अलोन्सो १०९, आणि फेरारीचा रायकोनेन ११० घेऊन निघून गेला. त्याआधी १९८६ ला विल्यम्सचं तेच झालं, मॅन्सेल आणि पिके भांडत राहिले, कमी ताकदीच्या मॅक्लारेनमधून प्रोस्ट चॅम्पियन. आणि १९८४ ला तर लाउडा प्रोस्टपेक्षा अर्ध्या गुणानं पुढं होता, ७२ आणि ७१.५. मोनॅकोची रेस पावसात अर्धवट थांबवली, अर्धे गुण वाटले. प्रोस्ट ती रेस जिंकला होता. पूर्ण होऊन तो दुसरा आला असता तरी ४.५ च्या जागी ६ मिळाले असते आणि विजेतेपद त्याचं होतं!

तेव्हा २ गुणांनी जिंकला म्हणून कमी समजू नका. आपल्या कोल्हापुरात खासबागेत कुस्ती गुणांवर सुटली की पब्लिक नाराज होतं, निकाली पाहिजे असते. पण गुणांवर जिंकणारा मल्लही शेवटपर्यंत उभा असतो, पाठ लावू देत नाही. नॉरिसनं मॅक्सला पाठ लावू दिली नाही एवढं खरं.

मॅक्लारेनचा ड्रायव्हर चॅम्पियन झाला तो २००८ च्या हॅमिल्टननंतर आत्ता. ती पण १ गुणाची गोष्ट, शेवटच्या लॅपच्या शेवटच्या वळणांवर ग्लॉकला मागं टाकून पाचवा आला होता. पाचवा! त्यावेळी पण दुसऱ्या आलेल्या फेलिपे मासाचे चाहते हेच म्हणत होते, नशीब म्हणून.

सुपरमॅक्स_शाहूपुरी

काका १९८४ चं मला म्हाईत नव्हतं, लई भारी माहिती.

पण बार्सिलोनावर मी उत्तर देणारच. रागात केलं हे मान्य. पण सगळा दोष मॅक्सच्याच खात्यावर का? ऑस्ट्रियात पहिल्याच लॅपला अँटोनेलीनं येऊन ठोकला, शून्य. मायामीच्या स्प्रिंटला टीमनं पिटमधनं चुकीच्या वेळी सोडला, तो अँटोनेलीच्या गाडीवर गेला, पेनल्टी, शेवटचा. बहरीनला पिटस्टॉपवर गाडी सोडायचे लाइटच बंद. हे सगळं धरलं तर २ गुण कुठं बी सापडतात.

आणि अबुधाबी बघितली ना सगळ्यांनी? त्यानं जे करायचं ते केलं. पोल घेतली, रेस जिंकली. बाकी त्याच्या हातात काय हुतं? मी आमच्या घरी सगळ्यांना गप्प बसवून बघालतो, शेवटपर्यंत वाटत हुतं की लेक्लेर नॉरिसला गाठतोय. न्हाई गाठला.

स्पिंडल

अबुधाबीवर मला लिहायचंच होतं.

विजेतेपदासाठी नॉरिसला तिसरा नंबर पुरेसा होता. ऐकायला सोपं. पण पहिल्याच लॅपला हार्ड टायरवरच्या पियास्ट्रीनं त्याला बाहेरून काढला, आणि नॉरिसनं काढू दिला. तिथं भांडला असता तर दोघांची चाकं लागून सगळं तिथंच संपलं असतं. मग मागं लेक्लेर लागला. पिटस्टॉप करून ट्रॅफिकमध्ये आला तर एकेक गाडी काढत जायची, आणि पुढं त्सुनोडा, मॅक्सचा टीममेट, तो सरळ रस्त्यावर डावीउजवीकडं गाडी हलवत त्याला अडवायला बसलेला. नॉरिस ट्रॅकच्या बाहेर चारही चाकं घालून गेला. काही वेळ चौकशी चालू, आणि मी खरंच सांगतो पेनल्टी लागली असती तर सगळं गेलं होतं. पण चूक त्सुनोडाची धरली, त्याला ५ सेकंद, नॉरिसला काही नाही.

मला त्या पूर्ण रेसमध्ये आवडलं ते हे की तो कुठंही थांबून वाट बघत बसला नाही. त्सुनोडाच्या मागं अडकला असता तर लेक्लेर खात्रीनं आला असता. गेला, धोका घेतला, निघाला. २०२४ ला ब्राझीलच्या पावसात पोलवरून सहावा आलेला नॉरिस आणि हा नॉरिस एक नाही. त्या दिवशी मॅक्स १७व्या नंबरवरून जिंकला होता आणि आपण सगळ्यांनीच म्हटलेलं की नॉरिसमध्ये चॅम्पियनचा दम नाही. यंदा ब्राझीलला त्यानं स्प्रिंट पण जिंकली आणि रेस पण.

रंकाळावाली

ब्राझीलला ऑस्करवर लावलेली १० सेकंदाची पेनल्टी मला आजही मान्य नाही, तीन गाड्या एका वळणावर, आतल्या बाजूला तो, त्यानं जायचं कुठं? लेक्लेर बिचारा विनाकारण बाहेर गेला. तिथं नॉरिसचं काही चुकलं असं म्हणत नाहीये मी. पण सिल्व्हरस्टोनला सेफ्टी कारच्या मागं ब्रेक मारला म्हणून १० सेकंद, हातातली रेस नॉरिसकडं. ब्राझीलला १० सेकंद. दोन्ही वेळा ऑस्कर.

असो. हल्केनबर्गबद्दल कुणीच लिहिलं नाही! सिल्व्हरस्टोनला सॉबरमधून १९व्या नंबरवरून तिसरा. इतकी वर्षं, २३९ वी रेस, आणि पहिलं पोडियम. आमच्या आईला रेसमधलं काही कळत नाही पण ती पण बघत बसली होती आणि टाळ्या वाजवल्या.

सेकंड_गिअर

मी जास्त लिहीत नाही, वाचतो. हल्केनबर्गला +१.

आणि नवखा ड्रायव्हर हाजार! मेलबर्नला रेसच्या आधीच्या फॉर्मेशन लॅपलाच भिंतीत गेला, रेस सुरूच झाली नाही त्याची, हेल्मेट घालून रडत चालत येत होता, हॅमिल्टनच्या वडिलांनी जवळ घेतलं. आणि झँडफोर्टला तोच पोरगा तिसरा. २०२६ ला रेड बुलमध्ये मॅक्सच्या शेजारी.

दुसरं म्हणजे ऑस्टिनची रेस. आपल्याकडं रात्री साडेबाराला आणि सकाळी नरकचतुर्दशीचं पहिलं पाणी. झोपलोच नाही, रेस संपली आणि थोड्या वेळात घरात उटण्याचा वास. मॅक्सनं स्प्रिंट आणि रेस दोन्ही मारल्या त्या वीकेंडला, स्प्रिंटला पहिल्याच वळणावर दोन्ही मॅक्लारेन एकमेकांत गुंतून बाहेर. खरं सांगायचं तर त्या रात्री मी नॉरिसच्या नावावर फुली मारली होती.

मायक्रॉन_शिरोली

कोल्हापूरच्या धाग्यावर कोल्हापूरचं पण लिहूया की. मोहितेंच्या कार्टिंग ट्रॅकवर पोरं घडतात हे बाहेरच्यांना माहीत नसतं. कृष्णराज महाडिक इथून ब्रिटिश एफ-३ (फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची स्पर्धा) पर्यंत गेला. ध्रुव मोहिते टुरिंग कारमध्ये. आता यंदा कुश मैनीनं मोनॅकोला एफ-२ ची स्प्रिंट जिंकली, भारतीय झेंडा तिथं लागला, तो बंगळुरूचा, पण मला तेवढाच आनंद. एफ-वनमध्ये नरेन कार्तिकेयन २००५ ला आला, करुण चंदोक २०१० ला, आणि २०१३ नंतर बुद्ध सर्किटवर एफ-वन पण बंद. मधे इतकी वर्षं रिकामी गेली.

पैशाचं गणित फार क्रूर आहे हो. कार्टचे टायर, इंजिन, मेकॅनिक, प्रवास, एका सीझनचा खर्च मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यातला नाही. आणि युरोपात गेल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आपल्याकडं उद्यमनगर-शिरोलीत कास्टिंग, मशिनिंग करणारे हात एवढे आहेत की गाडीचे अर्धे पार्ट इथं बनतील. फक्त ड्रायव्हरच नाही, या खेळात मेकॅनिक, इंजिनिअर, स्ट्रॅटेजीवाले पण लागतात. पोरांना त्या वाटेनं पण पाठवता येईल.

फियाट_११००

मायक्रॉन, अगदी मनातलं बोललात. कार्टिंगचा ट्रॅक असणं ही फार मोठी गोष्ट आहे, मी माझ्या नातवाला घेऊन गेलो होतो, उंचीत बसला नाही म्हणून त्याला चालवू दिलं नाही, पण कडेला उभा राहून इंजिनांचा आवाज ऐकत होता आणि निघायलाच तयार नव्हता.

स्पिंडल, एक प्रश्न. पुढच्या वर्षी, २०२६ ला, नवे नियम, लहान-हलक्या गाड्या, निम्मी ताकद जवळपास बॅटरीची, ऑडी आणि कॅडिलॅक या टीम नवीन. नॉरिस गाडीवर चॅम्पियनचा १ नंबर लावून उतरणार. मॅक्लारेननं आता तरी नॉरिसला पहिला आणि पियास्ट्रीला दुसरा करावं का? तुमचं मत काय?

स्पिंडल

काका, नाही. मी विरोधात आहे.

पहिला नंबर ठरवून दिला असता तर यंदा कुणाला दिला असता? झँडफोर्टनंतर ३४ गुणांनी पियास्ट्री पुढं होता, कुठल्याही टीमनं त्यालाच दिला असता. नॉरिसला सांगितलं असतं मागं राहा, ऑस्करला मदत कर. मग मेक्सिको, ब्राझील कुणी जिंकली असती? पियास्ट्रीची त्या महिन्यात जी अवस्था होती ती बघता मॅक्सनं सरळ सरळ विजेतेपद नेलं असतं. म्हणजे दोघांना मोकळं सोडल्यामुळं मॅक्लारेन अडचणीत आली हे जेवढं खरं, तेवढंच त्यामुळंच वाचली हेही खरं. एक पडला तेव्हा दुसरा उभा होता.

पण नियम मात्र आधी लिहून ठेवावेत. स्लो स्टॉप झाला तर जागा परत द्यायची का नाही, सिंगापूरला नॉरिसनं पियास्ट्रीला दिला तसा पहिल्या लॅपला एकानं दुसऱ्याला धक्का दिला तर काय, हे रेस चालू असताना रेडिओवर ठरवायचं नाही. ताईंचं ऑस्करबद्दलचं म्हणणं तिथं शंभर टक्के बरोबर आहे.

आणि कतारसारखी चूक परत करायची नाही. ५७ वजा ७ भागिले २, हे गणित पिटवॉलवर (टीमचे डाव ठरवणारे बसतात तिथं) कुणालातरी मोठ्यानं म्हणता यायला पाहिजे.

सुपरमॅक्स_शाहूपुरी

हे पटलं. पण ड्रायव्हर ऑफ द इयर मॅक्सच, त्यावर मी हटत न्हाई. २०२६ च्या पहिल्या रेसला, मेलबर्नला, गाडीवर ३ नंबर लावून येतोय तो.

रंकाळावाली

आणि ऑस्करचा ८१ नंबर पण येतोय, घरच्या ट्रॅकवर, आणि या वेळी पाऊस नको.